‘ना’ची एकतीस कार्डं

त्याला सगळे भिंगरी म्हणत. पायाला भिंगरी बांधलेला माणूस, म्हणून भिंगरी. बसमध्ये जागा रिकामी असली तरी तो दांडा धरून उभा राही. चहा चालता चालता पिई. न्हाव्याच्या खुर्चीत बसला की न्हावी आधी हात जोडी. "भिंगरीराव, दहा मिनिटं पुतळा व्हा. कान तुमचा आहे, पण वस्तरा माझ्या हातात आहे."

पूर्वी वीस वर्षं तो घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचत असे. शहरातला एकही जिना त्याच्या पायांना अनोळखी नव्हता. असाच एक जिना चढून, चौथ्या मजल्यावर, तो बाईंच्या दारात पोचला. बाई भाषा शिकवायच्या. नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांचा मीटर फळीमागे होता आणि फळीवर खोकी होती. खोकी हलवताना एक कार्ड खाली पडलं. त्यावर पेन्सिलीनं एकच अक्षर लिहिलं होतं. ना.

"हे काय?"

"शब्द आहे."

"एवढासाच?"

"एवढासाच. पण तो किती घरांत राहतो, ते बघतेय."

"मग जाऊन बघायचं."

"कोण जाणार? मला हे चार मजले उतरायचे तर पंचांग बघावं लागतं."

दोन महिन्यांत भिंगरी बाईंकडे कामाला लागला. त्याला आता सोळा वर्षं झाली.

बाईंच्या त्या दोन खोल्यांना सगळे कोशकचेरी म्हणत. दारावर पाटी नव्हती. एका संस्थेची बेताची मदत होती, एक लांब टेबल होतं आणि दोन कपाटं. काम एकच. एका अक्षराच्या शब्दांचा कोश. तोच एवढासा आवाज निरनिराळ्या भाषांत काय काय म्हणतो आणि तो तिथं कुठून आला, हे शोधायचं.

दोन कपाटांना बाईंनी नावं ठेवली होती. एक सख्ख्यांचं, दुसरं सारख्यांचं.

"आपला नकाराचा ना, संस्कृतातला न, फारसीतला न, ही सगळी एकाच आजीची नातवंडं," बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "हे सख्खे. पण कोरियन माणूस ना म्हणतो, तेव्हा तो 'मी' म्हणत असतो. त्याचा आपल्याशी काडीचा संबंध नाही. फक्त तोंडवळा सारखा. म्हणून तो सारख्यांच्या कपाटात."

भिंगरीला हे लगेच पटलं. मीटर वाचताना त्यानं एकाच मजल्यावर एकाच आडनावाची तीन तीन दारं पाहिली होती. विचारलं तर तिघंही म्हणत, आमचं त्यांचं काही नातं नाही हो.

कचेरीचा नियम कडक होता. पुस्तकात सापडलेला अर्थ पेन्सिलीनं लिहायचा. मग भिंगरीनं बाहेर पडायचं. ती भाषा ज्याची मातृभाषा आहे असा माणूस शोधायचा. त्याच्या तोंडून तो शब्द कानांनी ऐकायचा. परत यायचं आणि पेन्सिलीवरून स्वतःच्या हातानं शाई फिरवायची. कार्डाच्या पाठीवर तोंड कुणाचं, ठिकाण कोणतं, तारीख काय, ते लिहायचं. खाली सही. शाई एकदा चढली की त्या कार्डाला बाईसुद्धा हात लावत नसत.

भिंगरीचं शिक्षण आठवीपर्यंतचं. पण चाळीस भाषांतला एकेक शब्द त्याला येत होता. तो म्हणे, "मला चाळीस भाषांत गप्प बसता येतं. तेवढ्यावर निभतं."

एकट्या ‘ना’ची एकतीस कार्डं त्याच्या सहीची होती. बत्तिसावं मात्र सोळा वर्षं पेन्सिलीतच राहिलं होतं. ते आपल्याच भाषेतलं होतं. ये ना, सांग ना, यातला आर्जवाचा ना. बाईंना वाटे, हे नकाराचंच शेपूट असावं. "येतोस की ना?" असं विचारता विचारता मधलं सगळं झिजलं आणि ना उरला असेल. पण पुरावा नव्हता. म्हणून ते कार्ड धड सख्ख्यांत नाही, धड सारख्यांत नाही. दोन कपाटांच्या मधल्या खिडकीत ते एका गोट्याखाली पडून असे. ते ऐकायलाही कुणी गेलं नव्हतं. आपल्याच घरचं ऐकायला कोण बाहेर पडतं?

त्या सोमवारी छापखान्याचा मालक चार मजले चढून आला. धापा टाकत त्यानं टेबलावर कागद पसरले.

"बाई, ‘ना’ची पानं गुरुवारी सकाळी दहाला नेणार. आता घोडं पेंड खाता कामा नये."

"न्या. तयार आहेत."

"आणि एक सुचवू? पुस्तकाच्या सुरुवातीला एक कार्ड जसंच्या तसं छापू. पुढून आणि मागून. लोकांना कळू दे, तुम्ही कसं काम करता ते."

बाईंना कल्पना आवडली. त्यांनी खण ओढला. चष्मा वर केला, खाली केला. मग एक कार्ड काढून टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"हे. भिंगरीचं सगळ्यात देखणं कार्ड. बाकीची बघा, काही जिन्यात लिहिलीत, काही गुडघ्यावर. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हे एकच असं, जसं काही टेबलाशी बसून सावकाश लिहिलंय."

भिंगरीनं कार्ड न बघताच ओळखलं. तगालोग या फिलिपिन्सच्या भाषेतला ना. अर्थ: झालं, आता. पाठीवर: जहाजावरचा आचारी. बंदर, तिसरा धक्का. दुपारी तीन.

ते खरोखरच टेबलाशी बसून सावकाश लिहिलं होतं. एकतिसांतलं तेवढं एकच खोटं होतं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच्या बायकोच्या पोटात गाठ निघाली. दवाखान्यात दाखल झाली त्या दिवशी तिनं त्याला शपथ घातली. "कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही. तुमच्या त्या बाईंनासुद्धा नाही. माणसं फळं घेऊन येतात आणि पोटाकडे टक लावून बसतात. माझी शपथ आहे."

ऑपरेशन पाच वाजता होतं. आणि त्याच दिवशी तीन वाजता तिसऱ्या धक्क्यावर तो आचारी भेटणार होता. त्यासाठी बाईंनी जहाजाच्या कचेरीला चार पत्रं लिहिली होती. जहाज संध्याकाळी सुटणार होतं.

दोन वाजता भिंगरी उठला. पिशवी खांद्याला लावली. बायको खाटेवर डोळे मिटून पडली होती. तिला सुई दिली होती, जीभ जड झाली होती. एरवी ती त्याला "जा" म्हणायची, तेही कपाळाला हात लावून. त्या दिवशी ती म्हणाली, "बसा ना."

तो बसला. ती झोपली. पाच वाजता तिला नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शुद्धीवर आली, तेव्हा तिनं परिचारिकेला विचारलं, "आमचे हे कुठायत?" परिचारिका म्हणाली, "बाहेर गेलेत." भिंगरी औषधाच्या दुकानात होता. तिथून तो तसाच कचेरीत गेला, रजा मागायला. रजेचं कारण काय सांगायचं, याचा विचार करत जिना चढला. बाई दारातच उभ्या.

"भेटला आचारी? ऐकलंस?"

नाही म्हणावं तर का नाही, ते सांगावं लागणार. शपथ होती. तो म्हणाला, "ऐकलं."

बाईंनी कार्ड पुढे केलं. शाईचं पेन पुढे केलं. भिंगरी टेबलाशी बसला. पुढचं जहाज येईल तेव्हा ऐकून घेऊ, असं त्यानं मनाशी म्हटलं. पुढच्या जहाजावर तसा माणूस नव्हता. त्याच्या पुढच्या जहाजाच्या वेळी तो तापानं पडला. मग वर्ष गेलं. मग शाई जुनी दिसू लागली.

एवढ्यावर भागलं असतं. पण दोन वर्षांनी संस्थेनं वाचनालयाच्या तळमजल्यावर कार्डांचं छोटं प्रदर्शन मांडलं. भिंगरीनं बायकोला हौसेनं नेलं. बंदराचं कार्डही तिथं मांडलंय, हे त्याला माहीत नव्हतं. तिनं एका काचेसमोर उभं राहून तारीख वाचली. धक्का वाचला. दुपारी तीन वाचलं. घरी येऊन तिनं दार लावलं.

"मला तिकडं कापायला नेणार होते आणि तुम्ही तिसऱ्या धक्क्यावर?"

"मी तुझ्याजवळच बसलो होतो."

"कार्डावर काय लिहिलंय?"

"ते जरा..."

"शाईनं लिहिलंय की पेन्सिलीनं?"

शाईचं कार्ड कधी खोटं नसतं, हे घरी रोज जेवताना सांगणारा तोच होता.

तेव्हापासून घरात तिसरा धक्का ही म्हणच झाली. ब्रेड आणायला उशीर झाला की, "गेले असतील तिसऱ्या धक्क्यावर." मुलीचा फोन आला की तीही विचारी, "बाबा घरात आहेत का तिसऱ्या धक्क्यावर?" सगळे हसत. भिंगरीही हसे. बायको हसे, पण तिचं हसू ओठांच्या मागं कुठंतरी थांबलेलं असे. आणि कोशकचेरीची पायरी चढणार नाही, असं तिनं जाहीर केलं. "सवतीच्या घरी कोण जाईल?"

तर असा हा गुंता होता. बायकोला खरं पटवायचं, तर बाईंपुढे खोटं कबूल करायला हवं. बाईंपुढे कबूल केलं, तर सोळा वर्षांची सगळी शाई पातळ झाली. ते कार्ड खणात होतं तोवर तो हा गुंता पायांखाली ठेवून चालत राहिला. आता ते पुस्तकाच्या पहिल्या पानावर जाणार होतं. पुढून आणि मागून.

सोमवारी संध्याकाळी तो घरात येरझारा घालत राहिला. खिडकी, दार, खिडकी, दार.

"अहो, फरशी झिजेल," बायको म्हणाली. "काय झालंय?"

"कुठं काय?"

"जेवताना उभे, पाणी पिताना उभे. आता झोपायचंही उभ्यानंच का? घोडे झोपतात तसं?"

"गुरुवारी पानं छापायला जाणार. त्याची गडबड."

"जाऊ देत की. तुमचीच कार्डं ना? मग भीती कसली?"

तो पुन्हा खिडकीकडे गेला.

मंगळवारी तो बंदरावर पोचला. एक खरं तोंड सापडलं, तर निदान अर्थ तरी खरा होईल, असा त्याचा हिशेब. पण तिसरा धक्का आता ओळखू येत नव्हता. लोखंडी पेट्यांच्या भिंती, वर यंत्राचे हात. खलाशी खाली उतरतच नव्हते. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्याला तीनदा हाकललं आणि चौथ्यांदा विचारलं, "काका, तुमचं नक्की काय हरवलंय?"

"एक अक्षर."

पहारेकऱ्यानं त्याच्याकडे बघून हळूच फाटकाची कडी लावली.

तिथून तो खलाशांच्या वसतिगृहात गेला. तिथून तेलाच्या कंपनीच्या कचेरीत. तिथून एका हॉटेलच्या धोबीखान्यात. पाय दुखले की मन जरा गप्प बसे, म्हणून तो बसनं न जाता चालत गेला. धोबीखान्यात चादरी घडी करणाऱ्या बाईनं सांगितलं, "त्या म्हाताऱ्यांच्या निवासात एक नर्स आहे. तिकडचीच आहे ती."

बुधवारी सकाळी तो निवासात पोचला. लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना चाकाच्या खुर्च्या. ती नर्स एका आजोबांना चमच्यानं सूप भरवत होती. दहा वर्षं इथं काढलेली. इथली भाषा ती बोलत होती, पण लंगडत.

भिंगरीनं आपलं काम सांगितलं. ती चमचा धरून त्याच्याकडे बघतच राहिली.

"माझ्या भाषेचं विचारता? इथं सगळे विचारतात, बाथरूम कुठे."

"ना म्हणजे काय तुमच्यात?"

ती विचार करत राहिली. आजोबांनी तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं.

"ना म्हणजे... झालं. आधी नव्हतं, आता आहे. वेळ झाली." तिनं चमचा आजोबांच्या तोंडात दिला. "मी आईशी फोनवर बोलते. बोलते, बोलते, खूप बोलते. मग शेवटी आई म्हणते, तुलोग ना. झोप आता. पुरे. तो ना."

"पुन्हा म्हणाल?"

"तुलोग ना," ती म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज बदलला होता. तो तिच्या आईचा असावा.

भिंगरीनं गुडघ्यावर कार्ड ठेवून लिहून घेतलं. आभार मानले. जिना उतरू लागला आणि पहिल्या पायरीवरच थांबला.

अर्थ तोच निघाला होता. झालं, आता. एका काडीचाही फरक नव्हता. हेच वाईट झालं. अर्थ चुकीचा निघाला असता, तर कबूल करणं भाग पडलं असतं. आता कुणाला कधीच कळणार नव्हतं. कार्ड खोटं आणि अर्थ खरा. गप्प बसायला चाळीस भाषा मोकळ्या होत्या.

तो त्या दिवशी शहराला दोन फेऱ्या मारून घरी गेला.

गुरुवारी आठ वाजता तो कचेरीच्या दारात उभा होता. बाई नुकत्याच उठल्या होत्या.

"इतक्या लवकर? पानं दहाला जायचीत."

"बाई, ते बंदराचं कार्ड खोटं आहे. मी गेलो नव्हतो. ऐकलं नव्हतं. काल ऐकलं. हे नवीन."

त्यानं गुडघ्यावर लिहिलेलं कार्ड टेबलावर ठेवलं. बाईंनी ते वाचलं. जुनं वाचलं. दोन्ही शेजारी ठेवली. भिंगरीचा उजवा पाय हलू लागला.

"अशी किती?"

"एकच."

"पकडल्यावर प्रत्येक जण एकच म्हणतो."

"मला पकडलं कुठं? मीच आलो."

"तेही खरं." बाईंनी खण ओढून काढला आणि सगळा टेबलावर उपडा केला. "तीस राहिली. ही तीस छापू की जाळू, ते मला आत्ता ठरवायचंय. उभा राहा. चालू नकोस. मी कार्ड काढते. तू सांग."

पहिलं कार्ड निघालं. "स्वाहिली."

"बसच्या थांब्यावर. नकाशा उलटा धरून उभी असलेली विद्यार्थिनी. ना म्हणजे आणि. म्हणाली, चाय ना म्काते. चहा आणि पाव. चाय मला कळलं, म्हणून मी तिला चहा पाजला. पाव तिनं स्वतः घेतला."

"रशियन."

"यंत्रशाळेतला फिटर. ना म्हणजे घे. मी विचारलं, तर सफरचंद अर्धं कापून हातावर ठेवलं आणि म्हणाला, ना. मी परत विचारलं. त्यानं उरलेलं अर्धं दिलं. ना. मला सफरचंद आवडत नाही. दोन्ही अर्धी खाल्ली."

बाईंचा चेहरा हलला नाही. "तमिळ."

"घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ. ना म्हणजे जीभ. त्यांनी जीभ काढून दाखवली आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मागून म्हणाले, ना हे पोथ्यांतलं, बोलताना आम्ही नाक्कु म्हणतो. ते मी कोपऱ्यात लिहिलंय. बघा, आहे का?"

बाईंनी बघितलं. होतं.

"फारसी."

"दातांचा डॉक्टर. त्यांना विचारलं, तुमच्यात नाहीला काय म्हणतात? ते म्हणाले, ना. मला वाटलं, सांगायचं नाहीये. मी म्हटलं, एवढं सांगा की. ते म्हणाले, ना! तिसऱ्यांदा ते चिडले तेव्हा उजेड पडला."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. "हिब्रू."

"वाचनालयातल्या आजी. ना म्हणजे कृपया. पण त्या म्हणाल्या, हल्ली हे तोंडात नसतं, पाट्यांवर असतं. ना, इथं सिगारेट ओढू नका. आणि मग त्यांनी मला खरंच हटकलं, कारण मी त्यांच्या टेबलाभोवती फेऱ्या मारत होतो."

बाईंनी सहावं कार्ड काढलं नाही. तीसच्या तीस गोळा करून पुन्हा खणात लावली. मग बंदराचं कार्ड उचललं.

"आणि त्या दिवशी कुठं होतास?"

भिंगरी खिडकीकडे गेला.

"बोल की."

"शपथ आहे."

"कुणाची?"

"बायकोची."

"मग तिला बोलाव."

"ती इथं येणार नाही."

"मी बोलते." बाईंनी फोन फिरवला. "मी बाई बोलतेय. तुमच्या नवऱ्यानं एक खोटं कार्ड केलंय. तिसऱ्या धक्क्याचं."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

दहा वाजता छापखान्याचा मालक आला. त्याच्या एका हातात कागदांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात भिंगरीच्या बायकोचा कोपर. "या काकू दुसऱ्या मजल्यावर बसल्या होत्या. प्रत्येक पायरीला विचारत होत्या, अजून किती. मी म्हटलं, विचारू नका, मोजा."

ती आत आली. गुडघे धरून उभी राहिली. सवतीचं घर तिनं डोळे भरून पाहून घेतलं. दोन कपाटं. एक टेबल. खिडकीत गोटा.

बाईंनी कार्ड तिच्यापुढे धरलं. "हा म्हणतो, त्या दिवशी हा बंदरावर गेलाच नव्हता. कुठं होता ते सांगत नाही. तुमची शपथ आहे म्हणे."

तिनं कार्ड घेतलं नाही. नवऱ्याकडे बघितलं.

"खुर्ची कसली होती?" तिनं विचारलं.

छापखान्याच्या मालकाला काहीच कळलं नाही. भिंगरीला कळलं.

"लोखंडी. एक पाय तोकडा. हललो की वाजायची. तू जागी होशील म्हणून हललो नाही."

"किती वेळ?"

"तीन तास."

"तुम्ही?"

"मी."

"खिडकीतून काय दिसत होतं?"

"वाळत घातलेली चादर. एकच. पाचाला दहा मिनिटं कमी असताना कुणीतरी येऊन काढून नेली."

ती टेबलाचा आधार घेत पुढे आली आणि बाईंच्या खुर्चीत बसली.

"मी म्हणाले होते का काही?"

"बसा ना म्हणालीस."

"मला वाटलं, ते मी मनात म्हटलं," ती म्हणाली. "तोंडातून निघालंच नाही, असं वाटलं. अकरा वर्षं वाटतंय. म्हणायचं होतं आणि म्हटलं नाही. मग तुमचा तरी काय दोष, असंही वाटायचं. आणि रागही यायचा." ती बाईंकडे वळली. "गाठ होती हो पोटात. निघाली. आता सांगितलं, संपली शपथ. फळं आणू नका."

छापखान्याच्या मालकानं घड्याळाकडे बघितलं आणि घड्याळाचा हात मागं लपवला.

बाई उठल्या. बंदराच्या कार्डावर त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं आडवी रेघ मारली. कचेरीच्या सोळा वर्षांत शाईच्या कार्डावर मारलेली ती पहिली रेघ. मग त्या खिडकीकडे गेल्या. गोट्याखालचं कार्ड काढून त्यांनी फुंकर मारली आणि ते भिंगरीपुढे ठेवलं. पेनही ठेवलं.

"हे ऐकलंयस तू. कार्डाची पाठ लिही."

तो उभ्यानंच वाकला. बाई म्हणाल्या, "टेबलाशी बस." तो म्हणाला, "नको. बसून लिहिलं की खोटं येतं." त्यानं उभ्यानंच लिहिलं. तोंड: बायको. ठिकाण: दवाखाना, खाट सात. तारीख तीच, अकरा वर्षांपूर्वीची. दुपारी दोन. अक्षर कोंबडीचे पाय.

"घाण आलंय," बाई म्हणाल्या.

"वाचता येतंय," छापखान्याचा मालक म्हणाला. "पहिल्या पानावर हे घेऊ?"

बाईंनी बायकोकडे बघितलं. बायकोनं पदर सारखा केला. "खाट सात वगळा," ती म्हणाली. "बाकी घ्या."

"काही वगळत नाही आम्ही."

"मग राहू दे खाट सात."

पानं गेली. आर्जवाच्या ‘ना’खाली बाईंनी छापायला सांगितलं: मूळ नक्की माहीत नाही. नर्सचं कार्ड सारख्यांच्या कपाटात गेलं. रेघ मारलेलं कार्ड बाईंनी भिंगरीच्या बायकोला दिलं. तिनं ते घडी न घालता पिशवीत ठेवलं.

"आणि ऐक," बाई भिंगरीला म्हणाल्या. "तीस कार्डं मी ठेवली. पण उद्यापासून तू एकटा ऐकायला जायचं नाहीस. दुसरे कान हवेत बरोबर."

हे त्याला लागलं. खाली मान घालून तो हो म्हणाला.

"मी जाते यांच्याबरोबर," बायको म्हणाली. "पण लिफ्ट असेल तिथंच."

दोघं जिना उतरू लागले. भिंगरी नेहमी एकेक पायरी गाळून उतरायचा. तिसऱ्या मजल्यावर तो सवयीनं पुढे गेला. मग थांबला. मागून ती कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत येत होती. तिला वेळ लागणार होता. तो भिंतीला टेकून उभा राहिला. त्याचा उजवा पाय हलत होता.

पण तो थांबला.